विश्लेषण : ग्रंज संगीताचे मोठेपण छोट्या खोलीत कसे घडले? आज तशा खोल्या का हरवत आहेत?

सिएटलमधील एका उड्डाणपुलाला खेटून असलेल्या 'ओके हॉटेल' नावाच्या ठिकाणी १७ एप्रिल १९९१ च्या रात्री निर्वाणा या बँडने एक नवे गाणे प्रथमच लोकांपुढे वाजवले. गाण्याचे शब्दही तेव्हा पुरते पक्के झाले नव्हते. 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' हे ते गाणे. ते ज्या अल्बममध्ये आले, तो 'नेव्हरमाइंड' पुढच्या नऊ महिन्यांत अमेरिकेच्या विक्रीयादीत मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला मागे सारून पहिल्या क्रमांकावर पोहोचला. स्टेडियमचे संगीत असे छोट्या खोलीत जन्माला येते. मात्र स्टेडियमची तिकिटे काही मिनिटांत संपत असताना या खोल्यांना टाळे लागत आहे. हा प्रश्न लंडन-सिएटलपुरता नाही, मुंबई-पुण्याचाही आहे.

त्या रात्री नेमके काय घडले?

नावात 'हॉटेल' असले तरी ओके हॉटेल हे तोवर कॅफे आणि कार्यक्रमांची जागा म्हणून ओळखले जाई. सिएटलच्या पायोनियर स्क्वेअर या जुन्या भागात, अलास्कन वे या दुमजली उड्डाणपुलाशेजारी ही इमारत होती. त्या रात्री निर्वाणासोबत बिकिनी किल आणि फिट्झ ऑफ डिप्रेशन हे बँड वाजवणार होते. निर्वाणाचा गेफन या बड्या कंपनीशी करार तोवर ठरत आला होता. कर्ट कोबेन, क्रिस्ट नोव्होसेलिक आणि काही महिन्यांपूर्वीच दाखल झालेला ड्रमवादक डेव्ह ग्रोल हे तिघे ध्वनिमुद्रणासाठी लॉस एंजेलिसला निघण्याच्या तयारीत होते. कार्यक्रम घाईत ठरला. प्रवासाचे पैसे जमावेत हा त्यामागचा एक हेतू असल्याचे सांगितले जाते. त्या वादनाचे चित्रण झाले आणि १९९६ च्या 'हाइप!' या माहितीपटामुळे ते जगापुढे आले. नवे गाणे लोकांना भिडते का, हे स्टुडिओत जाण्याआधी आपल्याच गावातल्या श्रोत्यांपुढे तपासून पाहण्याची संधी त्या रात्रीने बँडला दिली. चुकले असते तरी फारसे बिघडले नसते. छोट्या जागेचे खरे मोल या सवलतीत असते.

ग्रंजला छोटी खोलीच का मानवली?

ग्रंज म्हणजे पंक रॉकचा उद्धटपणा आणि हेवी मेटलचा जडपणा यांचे मिश्रण. गिटारचा आवाज मुद्दाम फाटका आणि खरखरीत ठेवायचा, सूर बऱ्याचदा खाली उतरवायचे, कडवे दबक्या आवाजात म्हणायचे आणि ध्रुवपदाला सगळे अंगावर सोडायचे, अशी त्याची ढोबळ घडण. 'ग्रंज' या शब्दाचा अर्थही मळ, घाण असाच. ऐंशीच्या दशकातील झगमगाटी रॉकमध्ये रोषणाई, धूर आणि रंगवलेले चेहरे यांना महत्त्व होते. सिएटलच्या पोरांकडे त्यासाठी पैसे नव्हते. जुन्या कपड्यांच्या दुकानातला चौकड्यांचा फ्लॅनेल शर्ट त्यांनी घातला तो स्वस्त आणि ऊबदार होता म्हणून. त्याची फॅशन पुढे इतरांनी केली.

असे संगीत छोट्या खोलीत वेगळे ऐकू येते. ड्रमचा ठोका छातीवर बसतो, ॲम्प्लिफायर हाताच्या अंतरावर असतो आणि वादक व श्रोते यांच्यात फूटभर उंचीच्या मंचाइतकाच फरक उरतो. आज खाली उभा असलेला मुलगा पुढच्या महिन्यात वर उभा राहू शकतो, असे तिथे प्रत्येकाला वाटते. सिएटलमध्ये अनेकदा तसे घडलेही. एका बँडचा ड्रमवादक दुसऱ्या बँडचा श्रोता असे, एक बँड फुटला की त्यातून दोन नवे उभे राहत. ग्रीन रिव्हर या बँडमधून एकीकडे मडहनी आणि दुसरीकडे, मदर लव्ह बोनमार्गे, पर्ल जॅम तयार झाला तो असाच.

या शिडीच्या पायऱ्या कोणत्या?

निर्वाणाचा प्रवास क्रमाने पाहिला तर ही शिडी स्पष्ट दिसते. १९८७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील रेमंड या गावी घरगुती पार्टीत पहिले वादन. मग टकोमा शहरात, जुन्या चित्रपटगृहातून उभे राहिलेले कम्युनिटी वर्ल्ड थिएटर. १९८८ मध्ये सिएटलमधील व्होग आणि सेंट्रल टॅव्हर्नसारखे बार. १९८९ मध्ये हजाराहून अधिक आसनांच्या मूर थिएटरमध्ये मडहनी आणि टॅड यांच्यासोबत कार्यक्रम. त्याच वर्षी सब पॉप या स्थानिक कंपनीने त्यांचा 'ब्लीच' हा पहिला अल्बम काढला. त्याच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च होता ६०६ डॉलर १७ सेंट. १९९१ च्या एप्रिलमध्ये ओके हॉटेल आणि ३१ ऑक्टोबरला भव्य पॅरामाउंट थिएटर.

पर्ल जॅमचेही तसेच. 'मूकी ब्लेलॉक' हे सुरुवातीचे नाव घेऊन त्यांनी पहिला कार्यक्रम केला तो २२ ऑक्टोबर १९९० रोजी, सिएटलच्या ऑफ रॅम्प कॅफेत. या प्रवासातील प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीच उंच आहे. मधली एक काढून घेतली तर वरची गाठता येत नाही. प्रतिभा कुठेही असू शकते. ती तापवून घ्यायला मात्र अशा पायऱ्या लागतात. कोल्हापुरात कुस्तीचे मैदान भरते ते गल्लोगल्लीच्या तालमींच्या जोरावर. संगीताचा हिशेब याहून वेगळा नाही.

प्रशासनाने तेव्हा साथ दिली होती का?

उलट अडथळाच आणला होता. सिएटल महापालिकेने १९८५ मध्ये 'टीन डान्स ऑर्डिनन्स' हा नियम केला. अल्पवयीन मुलांसाठीच्या एका नृत्यक्लबविषयीच्या तक्रारींनंतर तो आला. मुलांच्या सुरक्षिततेचा हेतू चुकीचा नव्हता. पण आयोजकाने दहा लाख डॉलरचा विमा काढावा आणि सेवेत नसलेल्या वेळेतले पोलीस पैसे देऊन तैनात करावेत, अशा त्यातल्या अटी होत्या. बड्या आयोजकाला हे परवडे. दीडशे-दोनशे जणांच्या कार्यक्रमाला ते अशक्य होते. परिणामी सर्व वयोगटांसाठीचे कार्यक्रम आक्रसले आणि संगीत प्रामुख्याने २१ वर्षांवरील ग्राहकांच्या बारमध्ये अडकले. ज्या वयात रॉक संगीत सर्वाधिक भिडते, त्याच वयाची मुले दाराबाहेर राहिली.

हा नियम रद्द होऊन त्याजागी सुटसुटीत नियम यायला २००२ साल उजाडले. तोवर ग्रंजची लाट येऊन ओसरली होती. म्हणजे जगभर ज्याच्या नावाने सिएटल ओळखले गेले, ते संगीत त्या शहराच्या नियमांमुळे घडले नाही. स्वस्त भाडी, चिकाटीचे आयोजक आणि मोठ्या संगीत कंपन्यांपासूनचे अंतर यांमुळे ते नियमांना पुरून उरले. आजच्या शहरांत यातील पहिली गोष्ट, म्हणजे स्वस्त भाडे, संपली आहे. म्हणून 'खरी कला आपली वाट काढतेच' हा युक्तिवाद आता पुरेसा नाही.

छोटी ठिकाणे तोट्यात का जातात?

साधा हिशेब पाहू. समजा, १५० जणांची खोली पूर्ण भरली आणि तिकीट ३०० रुपये ठेवले, तर ४५ हजार रुपये जमतात. त्यातून जागेचे भाडे, वीज, ध्वनियंत्रणा सांभाळणारा तंत्रज्ञ, दारावरची माणसे, संगीत-हक्कांचे शुल्क आणि तीन बँडचे मानधन द्यायचे. तीन बँड म्हणजे किमान दहा-बारा वादक. प्रत्येकाच्या हाती टॅक्सीचे भाडे आणि गिटारच्या तारांचा खर्च पडला तरी पुष्कळ. खोली रोज भरत नाही, हे वेगळेच. त्यामुळे बहुतेक ठिकाणे तिकिटांवर जगत नाहीत, खाण्यापिण्याच्या विक्रीवर जगतात. मग मालकालाही नव्या बँडपेक्षा ओळखीची गाणी वाजवणारा डीजे सोयीचा वाटू लागतो, कारण त्या रात्री ग्राहक जास्त वेळ बसतो.

ब्रिटनमध्ये 'म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट' ही संस्था या ठिकाणांचा वार्षिक ताळेबंद मांडते. तिच्या अहवालानुसार २०२३ या एका वर्षात १२५ छोट्या ठिकाणांवरील संगीत कार्यक्रम थांबले. २०२४ मध्ये या क्षेत्राचा सरासरी नफा जेमतेम अर्धा टक्का होता आणि सुमारे ४४ टक्के ठिकाणे तोट्यात होती. बीटल्सपासून ओएसिसपर्यंतचे बँड ज्या देशात अशाच तळघरांतून आणि पबांतून वर आले, त्या देशातील ही स्थिती आहे.

इतर देशांनी कोणते उपाय केले?

पहिला उपाय वरच्या पायरीवरचा थोडा पैसा खालच्या पायरीवर आणण्याचा. फ्रान्समध्ये संगीत कार्यक्रमांच्या तिकिटांवर ३.५ टक्के कर आकारला जातो आणि तो राष्ट्रीय संगीत केंद्रामार्फत याच क्षेत्रात परत येतो. ब्रिटनमध्ये संसदीय समितीने मे २०२४ मध्ये मोठ्या सभागृहांच्या व स्टेडियमच्या तिकिटांवर अधिभार सुचवला. सरकारने तूर्त ऐच्छिक योजनेला पसंती दिली. कोल्डप्ले या बँडने २०२५ मधील ब्रिटनच्या कार्यक्रमांतून मिळणाऱ्या आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा छोट्या ठिकाणांसाठी देण्याचे जाहीर केले.

दुसरा उपाय नियोजनाचा. जुन्या संगीतस्थळाशेजारी नवी निवासी इमारत उभी राहिली, तर ध्वनिरोधनाची जबाबदारी नव्याने आलेल्या बिल्डरची, हे तत्त्व ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये, तर इंग्लंडने २०१८ मध्ये नियोजन धोरणात आणले. तिसरा उपाय थेट मदतीचा. बर्लिनने क्लबांच्या ध्वनिरोधनासाठी दहा लाख युरोंचा निधी उभारला. करोनाकाळात अमेरिकी काँग्रेसने बंद पडलेल्या सभागृहांसाठी सुरुवातीला १५ अब्ज डॉलरची तरतूद केली. हे उपाय एकमेकांना पर्याय नाहीत. पैसा, जागा आणि आवाज या तीन वेगवेगळ्या अडचणींवरचे ते उतारे आहेत.

मुंबई-पुण्यात काय चित्र आहे?

महाराष्ट्राला ग्रंज अनोळखी नाही. नव्वदच्या दशकात केबल टीव्हीवर या बँडची गाणी दिसू लागली आणि महाविद्यालयीन महोत्सवांत ती वाजू लागली. मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालेला 'इंडिपेन्डन्स रॉक' धोबी तलावच्या रंगभवनात गाजला. पेंटाग्रामसारखे बँड याच वातावरणात वाढले. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातील रात्रीचे कार्यक्रम थांबले. जुहूचे रॅझबेरी ऱ्हायनोसरस हा बँडसाठीचा हक्काचा मंच होता, तोही काळाआड गेला. लोअर परळच्या गिरणी आवारातील ब्लू फ्रॉग २००७ मध्ये सुरू होऊन २०१६ मध्ये बंद झाले. नवी ठिकाणे येतात, पण अनेकदा ती आधी उपाहारगृहे असतात आणि संगीत त्यांच्या सोयीने चालते.

दुसरीकडे, जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले आणि तिकिटांसाठी लाखो लोक ऑनलाइन रांगेत होते. ब्रिटनमध्ये जो बँड आपल्या उत्पन्नाचा वाटा छोट्या खोल्यांना देतो, त्याच्या इथल्या कार्यक्रमानंतर इथल्या छोट्या खोल्यांना काही मिळावे, अशी कोणतीही व्यवस्था राज्यात नाही. मोठे कार्यक्रम भरवण्याची क्षमता म्हणजे संगीताची भरभराट, असा समज त्यातून पसरतो. पाहुण्यांना स्टेडियम आणि घरच्यांना गॅरेज, असा हा प्रकार आहे.

ध्वनिप्रदूषणाचे नियम खरोखर आड येतात का?

अंशतः. शेजाऱ्यांच्या झोपेचा हक्क खरा आहे आणि तो संगीताच्या नावाखाली उडवून लावता येणार नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकांना मनाई आहे. मात्र सभागृह, समाजमंदिर यांसारख्या बंदिस्त जागांत आतल्यापुरता वापर त्यातून वगळला आहे. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल असून खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज तिच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाचहून अधिक डेसिबलने वाढता कामा नये. म्हणजे नियम आतल्या गिटारला हात लावत नाही, भिंतीबाहेर काय ऐकू येते ते मोजतो.

अडचण इथे सुरू होते. खोलीतला रॉक बँड १०० डेसिबलच्या पुढे सहज जातो. विटांची भिंत बराच आवाज अडवते, पण एक पातळ दार, एक खिडकी किंवा वातानुकूलन यंत्रासाठी पाडलेले भोक त्यावर पाणी फिरवते. बास गिटार आणि ड्रमचा खर्ज तर इमारतीच्या सांगाड्यातून वरच्या मजल्यावर पोहोचतो. दुहेरी दारे, ध्वनी शोषणारे अस्तर, रबरी पायावर उचललेला मंच, आवाज ठरावीक पातळीवर रोखणारे उपकरण हे सगळे उपाय उपलब्ध आहेत. भाड्याच्या जागेत, अर्धा टक्का नफ्यावर ते कोण बसवणार, हा प्रश्न आहे.

सुरक्षेचेही तसेच. कमला मिल आवारातील डिसेंबर २०१७ च्या आगीत १४ जणांचा बळी गेला. त्यामुळे अग्निसुरक्षेत सवलत मागणे बेजबाबदारपणाचे ठरेल. मागणी असायला हवी ती नियम स्पष्ट, परवाना एकाच खिडकीवर आणि शुल्क आसनसंख्येच्या प्रमाणात असण्याची. दीडशे जणांच्या खोलीला आणि पन्नास हजारांच्या मैदानाला एकाच चालीने हाकले, तर खोली बंद पडते आणि मैदान चालू राहते. सिएटलच्या १९८५ च्या नियमाने हेच दाखवून दिले.

महाराष्ट्राने काय करावे?

याचे उत्तर राज्याच्या नाट्यइतिहासात आहे. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून 'आविष्कार'ने प्रायोगिक नाटके सुरू केली. ना मखमली पडदा, ना वातानुकूलन. शाळा सुटल्यावर मोकळे असलेले सभागृह आणि परवडणारे भाडे एवढ्या भांडवलावर मराठी रंगभूमीचे एक पर्व उभे राहिले. महापालिकांकडे आजही शाळांची सभागृहे, समाजमंदिरे आणि नाट्यगृहांच्या तालीम खोल्या आहेत. प्रत्येक शहरात अशा दोन-तीन जागांचे ध्वनिरोधन करून त्या आठवड्यातून दोन संध्याकाळी, सात ते दहा या वेळेत, स्वतःचे संगीत वाजवणाऱ्या बँडना माफक भाड्याने देता येतील. दहाच्या आत कार्यक्रम आटोपल्याने शेजाऱ्यांची झोपमोड टळेल.

यात आणखी एक लाभ आहे. राज्यात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची वयोमर्यादा आहे. संगीत मद्यविक्रीवर अवलंबून राहिले, तर अकरावी-बारावीत गिटार हाती घेणाऱ्या मुलाला किंवा मुलीला ते समोर बसून ऐकायची जागाच उरत नाही. शाळेच्या सभागृहात हा प्रश्न येत नाही आणि पालकही निश्चिंत राहतात.

पैशांचा मार्गही अवघड नाही. ५० हजार प्रेक्षकांच्या एका कार्यक्रमात तिकिटामागे केवळ दहा रुपये बाजूला काढले, तरी पाच लाख रुपये जमतात. हजारो रुपयांच्या तिकिटात ते कोणाला जाणवणारही नाहीत. छोट्या सभागृहाच्या ध्वनिरोधनाला मात्र त्यातून सुरुवात होऊ शकते. संगीत कार्यक्रमाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर लागत नाही, ही सवलत आधीपासून आहेच. म्हणजे छोट्या कार्यक्रमांना वेगळी वागणूक द्यावी, हे तत्त्व केंद्राच्या करपद्धतीने मान्य केले आहे. ते परवाने आणि भाडे यांनाही लागू करणे, एवढेच बाकी आहे.

यातून उद्याचा निर्वाणा निघेलच, अशी हमी कोणी देऊ नये. अशा खोल्यांतील बहुतेक रात्री विसरल्या जातात, बहुतेक बँड दोन-चार वर्षांत विखुरतात. ओके हॉटेलमधील संगीतही फेब्रुवारी २००१ च्या भूकंपात इमारतीचे नुकसान झाल्यावर थांबले आणि शेजारचा उड्डाणपूलही पुढे पाडला गेला. पण तोवर त्या खोलीने शेकडो साधारण रात्री निभावून नेल्या होत्या, म्हणूनच एका असाधारण रात्रीला तिथे जागा मिळाली. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर या शहरांना पाहुण्यांच्या भव्य मैफलींपलीकडे स्वतःचा आवाज हवा असेल, तर त्यांनी आधी अशा साधारण रात्रींची सोय केली पाहिजे. त्यासाठी नवे स्टेडियम लागत नाही. शाळेच्या सभागृहाची किल्ली आणि नीट बंद होणारे दार लागते.